हरिश्चंद्राचा घरचा कारखाना

पुण्यातल्या कोणत्याही पेठेतून किंवा कोथरूड-कर्वेनगरच्या एखाद्या सोसायटीतून सहज फेरफटका मारला, तरी दारांवर लावलेल्या छोट्या पाट्या नजरेस पडतात. कुठे पोळीभाजीचे डबे, कुठे दिवाळीचा फराळ, कुठे शिवणकाम, कुठे शिकवण्या, तर कुठे संगणकावरची कामे. अशा प्रत्येक पाटीमागे कधी तरी रात्री उशिरापर्यंत घरात झालेली चर्चा असते. नोकरी सोडावी का? भांडवल कोठून आणावे? घरातली एक खोली धंद्याला द्यायची, तर मुलांनी अभ्यास कोठे करायचा? आणि सगळेच फसले तर? प्रश्न जुनेच आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत दादरच्या एका घरात हेच प्रश्न उभे राहिले होते. त्या घराने दिलेल्या उत्तरातून एक घरगुती धंदा उभा राहिला आणि त्या धंद्यातून पुढे भारतीय चित्रपटसृष्टी. त्या घराचे कर्ते पुरुष होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचे नाव घेतले की ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३ आणि गिरगावातले कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ एवढे आपल्याला आठवते. त्याआधीच्या दोन वर्षांत त्या घराने काय सोसले, काय पणाला लावले आणि कोणत्या हिशेबाने, हे मात्र सहसा विस्ताराने सांगितले जात नाही. घरी बसून काही उद्योग सुरू करू पाहणाऱ्याला खरा उपयोग आहे तो याच दोन वर्षांचा.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलाने शास्त्राध्ययन करून भिक्षुकी किंवा अध्यापन करावे, अशीच त्या घराची परंपरा होती. पण वडिलांना मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब तेथे आले. चित्रकलेची ओढ असलेला हा मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने छायाचित्रण आणि छपाईच्या निरनिराळ्या प्रक्रिया आत्मसात केल्या. गोध्रा येथे छायाचित्राचा व्यवसाय मांडला. तो बसतो न बसतो तोच प्लेगची साथ आली आणि तिच्यात पत्नी व मूल दोघेही गेले. नाटकांचे पडदे रंगवणे, छायाचित्रे काढणे, इतकेच काय, आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करणे, असे अनेक उद्योग त्यांनी पोटासाठी आणि हौसेसाठी केले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातल्या गिरिजा करंदीकर या फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई होऊन आल्या. पुढल्याच वर्षी फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली, असे समजत. फाळक्यांना ती मानवली नाही. १९०६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुण्याहून फार दूर नसलेल्या लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा छापखाना सुरू केला. रा. गो. भांडारकर त्यात भागीदार होते. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईची कामे त्या छापखान्याला मिळत. काम वाढले तसा तो दादरला हलवण्यात आला. पुढे पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले, छापखान्याला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे नाव मिळाले आणि १९०९ मध्ये फाळके स्वतः जर्मनीला जाऊन नवी यंत्रसामग्री घेऊन आले. रंगीत छपाईत त्यांचा हात धरणारे त्या काळी थोडे होते.

धंदा उत्तम चालला असताना भागीदाराशी मतभेद झाले. फाळक्यांनी छापखाना सोडला, तोही पैशाचा हिशेब न मागता. वयाची चाळिशी उलटलेली, घरात लहान मुले आणि हाताला काम नाही. त्यांची ख्याती ऐकून काही धनिक नवा छापखाना काढून द्यायला तयार होते. ‘हो’ म्हटले असते तर चार महिन्यांत घर पूर्वपदावर आले असते. फाळक्यांनी त्यांना नकार दिला.

तंबूतला येशू

१९११ साली ईस्टरच्या सुमारास फाळके गिरगावात एक चित्रपट पाहायला गेले. प्राण्यांची हलती चित्रे पाहून आलेल्या मुलाने घरी इतके वर्णन केले, की दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंनाही बरोबर नेले गेले. त्या दिवशी पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र होते. ते पाहता पाहता फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण हलू लागले. परदेशी लोक आपल्या देवाचे चरित्र असे जिवंत करू शकतात, तर आपली पुराणे पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. स्वदेशीचे वारे वाहत होते. करमणुकीचा हा नवा धंदा संपूर्णपणे परक्यांच्या हातात होता आणि तो येथल्या माणसांनी येथे करावा, ही त्यामागची दुसरी प्रेरणा होती.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण एखादी कल्पना सुचणे आणि घरदार त्या कल्पनेच्या स्वाधीन करणे, यांत फार अंतर असते. फाळक्यांनी हे अंतर कसे कापले, ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी लगेच कर्ज काढले नाही. आधी ते शिकू लागले. मुंबईत लागणारा प्रत्येक चित्रपट ते पाहत. छोटा कॅमेरा आणि फिल्मचे तुकडे मिळवून रात्री घरच्या भिंतीवर मेणबत्ती आणि भिंगाच्या साह्याने चित्रे उमटवत. या विषयावरचे मिळेल ते इंग्रजी साहित्य वाचत. दिवसाचे कित्येक तास हाच उद्योग. झोप नाही, विश्रांती नाही. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या मदतीने ती परत आली. डोळे हेच ज्याच्या पोटाचे साधन, त्या माणसाच्या घरी ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. आप्तांपैकी अनेकांना हा माणूस भ्रमिष्ट झाला आहे, असेच वाटू लागले होते.

दृष्टी परतल्यावर प्रश्न आला पैशाचा. ही विद्या येथे शिकवणारे कोणी नव्हते आणि यंत्रे येथे मिळत नव्हती. इंग्लंडला जाणे भाग होते. मित्र आणि नातेवाईक यांपैकी कोणी पैसे द्यायला धजेना. अखेर बारा हजार रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळक्यांनी दहा हजार रुपये उभे केले. विमा हा कर्त्या पुरुषाच्या पश्चात कुटुंबाला मिळणारा आधार. तो गहाण टाकणे म्हणजे सरस्वतीबाईंच्या आणि मुलांच्या भविष्यावरच बोजा चढवणे. म्हणूनच हा निर्णय एकट्या फाळक्यांचा म्हणता येत नाही. घरातील बाईची संमती आणि साथ नसती, तर हे पाऊल पडते ना.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांनी सरळ पाऊल टाकले आणि संपादक केबर्न यांची गाठ घेतली. नवख्या परदेशी माणसाने या जोखमीच्या धंद्यात पडू नये, असे केबर्न यांना प्रथम वाटले. पण समोरच्या गृहस्थाची तयारी पाहून त्यांनी मदत करायचे ठरवले. त्यांच्याच ओळखीने फाळक्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहता आले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोरी फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईत परतले. भांडवलाचा मोठा भाग असा साधनांत गुंतला. जागेसाठी खर्च करायला काही उरले नव्हते. मग जागा एकच होती, आपले घर.

वाटाण्याचा वेल

दादर मेन रोडवरच्या, म्हणजे पुढे ज्याला दादासाहेब फाळके मार्ग असे नाव मिळाले त्या रस्त्यावरच्या घरात ‘फाळके फिल्म्स’चा कारभार सुरू झाला. आवारात काचेची एक लहान खोली उभारण्यात आली. आत अंधारी खोली तयार झाली. कॅमेरा येताच आराखड्यावरून फाळक्यांनी तो स्वतः जोडला आणि शेजारपाजारच्या मुलांची हलती चित्रे घेऊन पाहिली. त्याच वेळी त्यांनी सरस्वतीबाईंना फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे या दोन्ही प्रक्रिया शिकवल्या.

हे छिद्रांचे काम किती होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार छिद्रे लागतात. म्हणजे फुटाला १२८ छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. म्हणजे एवढ्याच लांबीसाठी जवळजवळ पावणेपाच लाख छिद्रे, आणि शिवाय वाया जाणारी फिल्म वेगळी. यंत्र हाताशी असले, तरी ते चालवायला माणूस लागे आणि कोऱ्या फिल्मवर उजेडाचा कणही पडून चालत नसे. दिवसभराचा स्वयंपाक आणि मुलांचे सगळे आवरल्यावर, रात्री अंधाऱ्या खोलीत बसून हे काम करणारी व्यक्ती होती सरस्वतीबाई. भारतातील चित्रपट-तंत्रज्ञांची यादी करायची झाली, तर तिच्यात या गृहिणीचे नाव अगदी वरच्या ओळीत घालावे लागेल.

साधने आली, कौशल्य आले, पण संपूर्ण चित्रपट काढण्याइतका पैसा नव्हता. येथे फाळक्यांनी जे केले, ते कोणत्याही घरगुती उद्योजकाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांनी कर्ज देऊ शकणाऱ्यांपुढे आश्वासने ठेवली नाहीत, नमुना ठेवला. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज ठरल्या वेळी थोडे चित्रण केले. पडद्यावर ते दाखवले तेव्हा मातीतून अंकुर वर येतो, त्याला पाने फुटतात आणि पाहता पाहता त्याचा वेल होतो, हे दृश्य एकाध मिनिटात डोळ्यांसमोरून सरकले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते. खर्च जवळजवळ शून्य, जागा घरचीच, आणि पाहणाऱ्याची खात्री मात्र पूर्ण पटते. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांच्यासारखी माणसे कर्ज द्यायला तयार झाली. उरलेल्या गरजेसाठी सरस्वतीबाईंचे दागिने होतेच.

मग नटांचा शोध सुरू झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. समाजाने ज्यांना बहिष्कृत ठरवले होते, त्या स्त्रियाही चित्रपटात काम करायला राजी होत नव्हत्या. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदासाच्या भूमिकेसाठी बाहेरून मूल आणण्याचा प्रश्नच नव्हता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र घरातच होता. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले.

चित्रपटात काम करणे हे कमीपणाचे समजले जात असल्याने कोणी विचारले, तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या मंडळींना दिली होती. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या मराठी चित्रपटाला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे नाव मिळाले ते यावरूनच. ते उत्तर अगदीच खोटे नव्हते. घर खरोखरच कारखाना झाले होते. मंडळी तेथेच राहत, जेवत, तालमी करत आणि त्या सगळ्यांच्या पानात दोन्ही वेळा अन्न पडेल, हे सरस्वतीबाई पाहत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतवण्याचे काम असो किंवा धुण्याची रसायने कालवण्याचे, त्या प्रत्येक ठिकाणी उभ्या असत. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणी येथे गेली, तेव्हा तलवारी-भाले पाहून गावकऱ्यांना ती दरोडेखोरांची टोळीच वाटली आणि पाटलापर्यंत प्रकरण गेले. कॅमेऱ्याचे काम समजावून दिल्यावरच सुटका झाली.

सुमारे सात महिन्यांच्या खटाटोपानंतर चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांना तो दाखवण्यात आला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी खुला झाला. लोकांनी तो उचलून धरला. गहाण टाकलेले भविष्य निदान त्या वेळेपुरते तरी सुटले.

घराबाहेर पडलेला धंदा

येथेच गोष्ट संपवली तर ती गोड होते, पण अर्धीच राहते. यशानंतर काही महिन्यांतच फाळके बिऱ्हाड आणि धंदा दोन्ही घेऊन नाशिकला गेले. तेथे ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट निघाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केले आणि स्त्री-भूमिकांचा प्रश्न पहिल्यांदा सुटला. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले, तिकडेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. त्यांनी ती स्वीकारली नाही. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले, कोरी फिल्म मिळणे अवघड झाले आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. पगारी माणसे पोसायची होती. पुन्हा कर्ज आले आणि पुन्हा घरातल्या किडूकमिडुकापर्यंत हात गेला.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने ही कोंडी फोडली. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मद्रासमध्ये जमा झालेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, ही त्याच चित्रपटाची हकीकत. एवढा पैसा दिसू लागताच भांडवलदार जवळ आले आणि १ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट प्रभृती भागीदार तीत होते. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट गाजले. ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी.

मात्र आता धंद्याचे नियम बदलले होते. घरच्या धंद्यात खर्च किती करायचा, वेळ किती घालवायचा, हे फाळके ठरवत आणि झळ बसली तर ती आपल्याच घराला बसे. भागीदारीत प्रत्येक रुपयाचा जाब देणे आले. भागीदारांची बाजू अगदीच गैर होती, असेही म्हणता येणार नाही. मन लावून काम करणारा कलावंत आणि वेळापत्रक पाहणारा व्यापारी यांच्यात खटके उडाले. लक्ष्मी छापखान्यात घडले तेच पुन्हा घडले. फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले खरे, पण आपणच जन्माला घातलेल्या धंद्यात आता ते मालक राहिले नव्हते.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ त्या संक्रमणात सापडला. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला आणि तोच शेवटचा ठरला. सुमारे ९५ चित्रपट आणि अनेक लघुपट नावावर असलेल्या या माणसाची अखेरची वर्षे नाशिकला ओढगस्तीत आणि काहीशा विस्मरणात गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्काराला त्यांचे नाव मिळाले, ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये.

मग ४१ वर्षांच्या फाळक्यांनी घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक? देशाच्या हिशेबात तो बरोबर होता, यात शंका नाही. घराच्या हिशेबात उत्तर इतके सोपे नाही. त्यांनी जे बरोबर केले, ते आजही तसेच उपयोगी आहे. पैसा घालण्याआधी त्यांनी धंद्याचे एकूण एक अंग स्वतः शिकून घेतले. खर्च केला तो साधनांवर, देखाव्यावर नाही. मोठ्या उडीआधी कुंडीतल्या वाटाण्याएवढा लहान प्रयोग करून दाखवला. आणि घरच्या माणसाला केवळ मदतनीस न ठेवता कामात तरबेज केले. उणीव राहिली ती एकाच ठिकाणी. घराची तिजोरी आणि धंद्याची तिजोरी यांच्यामध्ये त्यांनी भिंत कधीच घातली नाही. विमा, दागिने, चित्रपटाचे उत्पन्न, सारे एकाच भांड्यात पडत गेले. भरल्या दिवसांत त्यातले काही घरासाठी बाजूला निघाले नाही आणि भागीदारांशी बिनसले, तेव्हा आपला वाटा मागून घेण्याचा व्यवहारही त्यांना जमला नाही. सरस्वतीबाईंच्या श्रमांची मजुरी तर कोणत्याच वहीत लिहिली गेली नसणार.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे जपून ठेवली आहेत. चारांपैकी सगळी हाती लागलेली नाहीत. जी आहेत, त्यांच्या दोन्ही कडांना ओळीने छिद्रे आहेत. पडद्यावर हरिश्चंद्र चालतो तो त्या छिद्रांच्या आधाराने. घरात बसून काही सुरू करावे की नाही, या विचारात असलेल्या पुणेकराने दोन गोष्टी मनाशी ठरवाव्यात. आपल्या धंद्यातला वाटाण्याचा वेल कोणता, आणि रात्री बसून छिद्रे पाडणार कोण. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातले दुसरेच कोणी असेल, तर निर्णयात आणि हिशेबात त्या माणसाचे नाव पहिल्या दिवसापासून असायला हवे.